लढाई काळ्या समुद्रात, झळ सालेकसात

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण सगळ्यांनीच शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. आग एकीकडे आणि धावपळ भलतीकडे, असा तिचा अर्थ. पण मित्रांनो, आजच्या जगात आग खरोखरच रामेश्वरला लागते आणि चटका सोमेश्वरला बसतो. टीव्हीवर रशिया-युक्रेनची बातमी सुरू झाली की होस्टेलमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, ‘‘लाव रे मॅच, आपल्याला काय करायचं त्यांचं?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचा हा एक प्रयत्न. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या कारखान्यांकडे न जाता मी माझ्याच तालुक्यात, सालेकसात जाणार आहे.

सालेकसा म्हणजे गोंदिया जिल्ह्याचं पूर्वेचं टोक. हावडा-मुंबई मेन लाईनवर आमगाव सोडलं की सालेकसा, मग दरेकसा, बोगदा, आणि पलीकडे छत्तीसगड. हाजरा फॉल पाहायला किंवा कचारगडच्या यात्रेला तुमच्यापैकी बरेच जण येऊन गेले असतील. इथला उद्योग म्हणाल तर धान आणि धानाच्या मागे आलेल्या राईस मिल. अशाच एका छोट्या मिलमध्ये सुट्टीत मी मिनी प्रोजेक्टसाठी जात होतो. या मिलमधला एक दाणाही परदेशात जात नाही. ती फक्त सरकारी धानाची भरडाई करते. तरीसुद्धा गेल्या काही वर्षांत जगात कुठेही लढाई झाली की तिचा धक्का या मिलच्या वहीत कुठे ना कुठे उमटला आहे. तो कुठल्या वाटेने येतो ते आपण बघू.

आधी मिलचं गणित

शंभर किलो धान भरडलं तर साधारण वीस-बावीस किलो तूस निघतं. त्याला आमच्याकडे भुसाच म्हणतात. पाच ते आठ किलो कोंडा निघतो. उरतो तो तांदूळ, त्यात काही अख्खा, काही तुकडा. तुकड्याला म्हणायचं कनकी.

सरकारी भरडाईत मिलवाल्याने क्विंटलभर धानामागे अरवा तांदूळ ६७ किलो किंवा उसना तांदूळ ६८ किलो सरकारला परत द्यायचा असतो. त्यापोटी केंद्राचा मूळ दर अनेक वर्षं अरव्याला क्विंटलमागे १० रुपये आणि उसन्याला २० रुपये असा राहिला. राज्य सरकार त्यावर वेगळी भर घालतं. आता एवढ्यात वीज, मजुरी, दुरुस्ती सगळं भागवायचं म्हणजे तारेवरची कसरत. त्यामुळे मिलवाल्याची नजर असते ती मागे उरणाऱ्या मालावर. कोंडा, भुसा आणि जास्तीची बारीक कनकी त्याच्याकडे राहते, आणि तीच विकून मिल चालते.

म्हणजे मिलची कमाई दोन गोष्टींवर टांगलेली आहे. एक, दाणा किती कमी फुटतो. दोन, कोंडा-कनकी काय भावाने जाते. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या वाटा इथेच येऊन मिळतात.

पहिली वाट : रबर रोल

मिलमधलं मुख्य यंत्र म्हणजे शेलर. त्यात दोन रबरी रोल शेजारी-शेजारी, पण वेगवेगळ्या गतीने फिरतात. दोघांमधली फट धानाच्या जाडीपेक्षा कमी ठेवलेली असते. दाणा त्यातून जाताना त्याची एक बाजू जोरात ओढली जाते, दुसरी मागे राहते आणि टरफल सुटतं. आपल्या वर्गाच्या भाषेत हा शिअर. वेगवान रोल लवकर झिजतो, म्हणून मिस्त्री अधूनमधून दोन्ही रोलांची अदलाबदल करतो.

हे रोल कशाचे? मुख्यतः कृत्रिम रबराचे, आणि त्यात भरणीला कार्बन ब्लॅक किंवा सिलिका. कृत्रिम रबर आणि कार्बन ब्लॅक ही दोन्ही खनिज तेलाचीच लेकरं. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ७ मार्चला ब्रेंट क्रूड बॅरलमागे १३० डॉलरच्या वर जाऊन आलं. तेल चढलं की थोड्या दिवसांनी रबराचं कंपाउंड चढतं, मग रोल चढतो, आणि नागपूर-गोंदियाहून तो आणणाऱ्या गाडीचं भाडंही चढतं.

रोल महागल्यावर मिलमध्ये नेमकं काय होतं, ते तिथल्या मिस्त्रींनी मला एका वाक्यात सांगितलं. ‘‘रोल महाग झाला का शेठ म्हनते, आनखी चार दिवस चालव. चाराचे आठ होते. मंग कनकी वाढते, बाबू.’’

हेच आपण इंजिनिअरिंगच्या भाषेत मांडू. झिजलेल्या रोलमधून टरफल नीट सुटत नाही. न सुटलेलं धान पुन्हा शेलरमध्ये फिरवावं लागतं. उतारा टिकवायला ऑपरेटर फट आवळतो, दाब वाढवतो. दाणा फुटतो. तुकडा वाढला की सरकारला द्यायच्या ६७ किलोंत योग्य दर्जाचा तांदूळ बसवणं अवघड होतं, आणि तूट पडली तर ती मिलवाल्याने भरायची. रोलवर वाचवलेले पैसे तांदळात जातात. काळ्या समुद्राकाठची लढाई शेवटी अशी तुकड्यांत मोजली जाते.

दुसरी वाट : बदली माल

ही वाट सगळ्यात मजेशीर आहे आणि पटकन लक्षात येत नाही. लढाईमुळे एका वस्तूची टंचाई झाली की लोक तिच्या जागी दुसरी वस्तू शोधतात. त्या दुसऱ्या वस्तूचा लढाईशी काहीही संबंध नसतो, तरी तिचा भाव हलतो.

पहिलं उदाहरण कोंड्याचं. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. सूर्यफुलाचं तेल देणारा सगळ्यात मोठा देश त्या वेळी युक्रेन होता, त्याच्या मागे रशिया. दोघेही लढाईत. त्यात इंडोनेशियाने २८ एप्रिल ते २२ मे २०२२ पाम तेलाची निर्यातच बंद ठेवली. मग व्यापाऱ्यांची नजर गेली राईस ब्रान तेलाकडे, म्हणजे आपल्या कोंड्याकडे. मिलच्या मागे पोत्यांत भरून ठेवलेल्या कोंड्याला एकदम मागणी आली. म्हणजे लढाईने नेहमी नुकसानच होतं असं नाही, कधी फायदाही होतो.

पण एक मेख आहे. अरव्याचा कोंडा टिकत नाही. त्यात लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते तेलाचं आम्ल करून टाकतं आणि कोंडा खवट होतो. म्हणून भाव वाढेपर्यंत छोटा मिलवाला थांबू शकत नाही. उसन्याच्या मिलमध्ये धान वाफवलेलं असल्यामुळे ते एन्झाइम निकामी होतं, कोंडा जास्त दिवस राहतो आणि त्यात तेलही जास्त निघतं. तेजी एकच, पण उसन्यावाला ती पकडू शकतो आणि अरव्यावाल्याच्या हातून ती निसटते.

दुसरं उदाहरण कनकीचं. युक्रेन मक्याचाही मोठा निर्यातदार. मका अडकला आणि जगभर कोंबड्या-गुरांच्या खाद्याचे भाव चढले. खाद्य बनवणाऱ्यांनी मक्याऐवजी तुकडा तांदूळ उचलायला सुरुवात केली. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार कनकीचा देशातला भाव किलोमागे १६ रुपयांवरून २२ रुपयांपर्यंत गेला होता. मिलवाला खूश, पण पोल्ट्रीवाल्याच्या डोळ्यांत पाणी.

तिसरं उदाहरण भुशाचं. उसन्याच्या मिलचा बॉयलर भुशावरच चालतो, म्हणजे इंधन घरचंच. मात्र २०२२ मध्ये आयात कोळसा भयंकर महागला, कारण रशियाचा गॅस आणि कोळसा नको म्हणून युरोप इतरांकडून कोळसा घेऊ लागला. कोळसा महाग झाला की वीटभट्टीपासून कारखान्याच्या बॉयलरपर्यंत सगळेच भुशाकडे वळतात. त्याच वर्षी एप्रिल-मे मध्ये देशात कोळशाची चणचण झाली. त्यामागे कडक उन्हाळा आणि विजेची वाढलेली मागणी ही कारणंही होतीच. कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला रेल्वेने शेकडो पॅसेंजर फेऱ्या रद्द केल्या, त्यात आपल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या गाड्याही होत्या.

तिसरी वाट : सरकारी कागद

माझ्या मते सगळ्यात जोराचा धक्का याच वाटेने येतो. जहाज उशिरा आलं तर आठवडा-पंधरवडा जातो. सरकारचा आदेश मात्र एका रात्रीत लागू होतो.

कनकीचे भाव चढल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने कनकीची निर्यात बंद केली आणि बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क लावलं. बंदरांवर तांदूळ अडकून पडला. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच थांबवली. २५ ऑगस्ट २०२३ ला उसन्यावर २० टक्के शुल्क आलं. त्याआधी जुलैअखेर तेल काढून घेतलेल्या कोंड्याच्या पेंडेचीही निर्यात बंद झाली होती. पांढऱ्या तांदळावरची बंदी उठली २८ सप्टेंबर २०२४ रोजी, उसन्यावरचं शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये गेलं आणि कनकी मोकळी झाली मार्च २०२५ मध्ये.

आता समजा, एखाद्या व्यापाऱ्याने परदेशी गिऱ्हाइकाशी १०० रुपयांचा सौदा केला आहे आणि त्यात त्याला तीन-चार रुपये सुटणार आहेत. माल बंदरावर पोहोचेपर्यंत २० रुपये शुल्क लागलं, तर काय? गिऱ्हाईक ते देणार नाही. व्यापारी खरेदी थांबवतो. गोंदियाच्या मोठ्या मिलकडे माल साचतो, ती मिल मग स्थानिक बाजारात उतरते, आणि सालेकसाच्या छोट्या मिलच्या कनकी-कोंड्याला भाव मिळेनासा होतो. निर्यातीचा कागद ज्याने कधी पाहिलाही नाही, त्याच्या गळ्यात निर्यातबंदी येऊन पडते.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. घरात धान्य कमी पडण्याची भीती असताना बाहेर विकणार कोण? १७ जुलै २०२३ ला रशियाने काळ्या समुद्रातून धान्य जाऊ देण्याचा करार सोडला आणि तीनच दिवसांनी आपली बंदी आली. पण एक गोष्ट दुसरीमुळेच झाली असं सरळ म्हणणं घाईचं होईल. देशात तांदूळ महागला होता, एल निनोची धास्ती होती, आणि सरकारने कारणं देताना जगातल्या अस्थिर परिस्थितीचाही उल्लेख केला होता.

इथे आणखी एक विचार मनात येतो. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळापैकी सुमारे ४० टक्के तांदूळ भारताचा असतो. आपण दार लावल्यावर थायलंड-व्हिएतनामचा तांदूळ सुमारे १५ वर्षांच्या उच्चांकावर गेला. बेनिन किंवा सेनेगलमधल्या एखाद्या घरात त्या वेळी कोणीतरी म्हटलं असेल, ‘‘भारतात काहीतरी झालं आणि आमचा भात महागला.’’ साखळी दोन्ही बाजूंनी ओढली जाते.

चौथी वाट : बांधावरून

मिलचा कच्चा माल म्हणजे धान, आणि धानाचा कच्चा माल म्हणजे खत. पोटॅश तर आपण सगळंच बाहेरून आणतो, आणि ते देणाऱ्या देशांत कॅनडाबरोबर रशिया, बेलारूस, इस्राएल, जॉर्डन आहेत. या यादीतला कुठला भाग शांत आहे सांगा! युरिया आपण देशात बनवतो, पण तो बनतो नैसर्गिक वायूपासून, आणि त्या वायूचा मोठा हिस्सा आखातातून येतो.

शेतकऱ्याला हा धक्का लगेच दिसत नाही, कारण मध्ये सबसिडीचा स्प्रिंग बसवला आहे. २०२२-२३ मध्ये केंद्राची खत सबसिडी अडीच लाख कोटी रुपयांच्या वर गेली. म्हणजे धक्का नाहीसा झाला नाही, सरकारी तिजोरीने तो झेलला. भाव मात्र स्थिर ठेवता येतो, पोतं हवेतून आणता येत नाही. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण लढाईत इराणचे आणि इजिप्तचे युरियाचे कारखाने काही काळ थांबले, चीनकडूनही माल कमी येत होता, आणि त्या खरिपात आपल्याकडे अनेक राज्यांत युरियासाठी रांगा लागल्या. धानाला रोवणीनंतर ठरावीक दिवसांत युरिया लागतो. पंधरा दिवसांनी मिळालेलं पोतं त्या हंगामासाठी अर्धं वायाच गेलेलं असतं.

बारदान्याची जुनी गोष्ट

काही जणांना वाटेल की हे सगळं जागतिकीकरणाचं नवं खूळ आहे. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. मिलमध्ये गेलात की सगळीकडे दिसतो तो तागाचा बारदाना. सरकारी धान्य तागाच्याच पोत्यात भरायचं, असा १९८७ चा कायदा आहे. पण जगभर तागाच्या पोत्यांचा वापर वाढण्यामागेसुद्धा एक लढाईच आहे.

स्कॉटलंडमधलं डंडी हे गाव रशियाहून येणाऱ्या जवसाच्या धाग्यावर जाडंभरडं कापड विणायचं. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचं युद्ध झालं. इंग्लंड आणि रशिया समोरासमोर आले आणि धागा येणं बंद झालं. डंडीच्या गिरण्या मग बंगालच्या तागाकडे आणखी जोमाने वळल्या. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, कलकत्त्याजवळ रिश्रा इथे हिंदुस्थानातली पहिली ताग गिरणी उभी राहिली. क्रिमिया म्हणजे तोच काळ्या समुद्राचा काठ, ज्यावरून आजही भांडण चालू आहे!

पुढे १९४७ मध्ये फाळणी झाली. गिरण्या हुगळीकाठी आपल्याकडे राहिल्या आणि तागाची उत्तम शेतं गेली पूर्व पाकिस्तानात. १९४९ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही, आणि दोघांमधला तागाचा व्यापार अडला. गिरण्यांना कच्चा माल मिळेना. अगदी अलीकडे, २७ जून २०२५ रोजी, बांगलादेशाशी संबंध ताणले गेलेले असताना भारताने तिथल्या तागाची आणि तागाच्या मालाची जमिनीवरून होणारी आयात बंद केली आणि फक्त न्हावा-शेवा बंदरातून ती येऊ दिली. शेजारच्या घरातून आणायची वस्तू सगळा देश वळसा घालून आणायची, असा हा प्रकार. खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून धान उघड्यावर पडून राहतं, तेव्हा त्या पोत्याच्या मागे किती देशांचं राजकारण आहे याचा विचार आपण करत नाही.

आपल्या विदर्भाने तर याच्याही पुढचं पाहिलं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेना आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्या तेजीवर पैसे लावणाऱ्या मुंबईच्या बँका आणि कंपन्या १८६५ नंतर धडाधड बुडाल्या. युद्धाने आलेली तेजी युद्धाबरोबरच जाते, हा धडा दीडशे वर्षांपूर्वीचा आहे.

झळ नेमकी कोणाला?

एकाच उन्हात सगळे सारखे पोळत नाहीत. मोठ्या मिलकडे गोदाम असतं, बँकेची लिमिट असते, चार ठिकाणी ओळखी असतात. तो रोल स्वस्त असताना घेऊन ठेवतो, कोंडा महाग असताना विकतो. छोट्या मिलवाल्याकडे खेळतं भांडवल थोडं. त्याला रोल लागेल तेव्हा, मिळेल त्या भावाने घ्यायचा.

त्याहून खाली हमाल. त्याची मजुरी कट्ट्यावर ठरते. जितके कट्टे उचलले तितके पैसे. मिल चार दिवस बंद म्हणजे चार दिवस मजुरी नाही. त्याच्या हिशेबात ‘जागतिक पुरवठा साखळीतील व्यत्यय’ असा शब्द नसतो. त्याच्या हिशेबात फक्त कट्टे कमी होतात. सुगी संपल्यावर कामासाठी बाहेरगावी जाणारी माणसं आमच्या तालुक्यात आधीच कमी नाहीत. मिल थंडावली की त्यांची संख्या वाढते. म्हणून मला हा विषय नुसता अर्थशास्त्राचा वाटत नाही.

पण सगळं खापर युद्धावर नको

युद्ध सुरू झालं की भाव वाढवायला एक सोयीचं निमित्तही मिळतं. दुकानदार म्हणतो, ‘‘काय करणार, युद्ध चालू आहे ना!’’ इथे आपलं डोकं वापरायला हवं.

एक उदाहरण देतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथींनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पकडलं आणि त्यानंतर अनेक कंपन्यांची जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. युरोपहून येणाऱ्या यंत्राला आणि सुट्या भागाला त्यामुळे दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले, ते खरं. पण आपल्याकडचा तांदूळ काकीनाडा-विशाखापट्टणमहून पश्चिम आफ्रिकेला जातो तो आधीपासूनच केप ऑफ गुड होपवरून. त्याची वाट एक मैलानेही वाढली नाही. वाढलं ते भाडं, कारण वळसा घालण्यात जगातली जहाजं आणि कंटेनर जास्त दिवस अडकून पडले. वाट वाढली असं सांगणारा आणि भाडं वाढलं असं सांगणारा, दोघांत फरक करता आला पाहिजे.

दुसरं उदाहरण निऑनचं. काळे-पिवळे दाणे वेगळे काढणाऱ्या सॉर्टेक्स मशीनमध्ये कॅमेरे आणि चिप असतात. चिप बनवायला लागणाऱ्या शुद्ध निऑन वायूपैकी सुमारे निम्मा वायू युक्रेनमधल्या दोन कंपन्या पुरवत असत, आणि मार्च २०२२ मध्ये दोन्ही बंद पडल्या. आता चिपचे कारखाने थांबणार असं सगळे म्हणू लागले. ते थांबले नाहीत. कारण २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा निऑनचे भाव एकदा भडकले होते, आणि त्यातून शहाण्या झालेल्या कंपन्यांनी साठा आणि दुसरे पुरवठादार तयार ठेवले होते. एका ठेचेत शहाणपण शिकता येतं, ते असं.

आपण काय करू शकतो?

आपण युद्ध थांबवू शकत नाही. पण मिलमध्ये करण्यासारखं बरंच आहे, आणि आपल्या प्रोजेक्टसाठी ते उत्तम विषय आहेत.

१) दोन पायऱ्या मागे जा. मिलवाल्याला विचारा, रोल कुठून येतो? तो म्हणेल, गोंदियाच्या दुकानातून. तिथे थांबू नका. दुकानात कुठून, कारखान्यात कच्चा माल कुठून, हे विचारा. बहुतेक वेळा तीन दुकानांचा माल एकाच कारखान्यातून येतो असं कळतं. म्हणजे तीन पुरवठादार आहेत ही समजूतच खोटी.

२) साठ्याचं साधं गणित मांडून द्या. समजा रोलची जोडी आठ दिवस चालते आणि मागवल्यावर बारा दिवसांनी येते. मग दोन जोड्या हाताशी हव्यात. बाराचे तीस दिवस झाले तर चार हव्यात, आणि वर एक अडीनडीला. हे गणित वहीच्या एका पानावर बसतं, पण फार थोड्या मिलमध्ये ते लिहिलेलं असतं.

३) रोलच्या झिजेची नोंद ठेवा. रोज रोलचा व्यास आणि त्या दिवशीच्या कनकीचं प्रमाण लिहिलं, तर महिनाभरात आलेख सांगतो की रोल कोणत्या दिवशी बदलणं फायद्याचं. शेठ आणि मिस्त्री यांच्यातला वाद आकड्याने मिटतो. झिजलेल्या रोलच्या धातूच्या ड्रमवर पुन्हा रबर चढवता येतं, तेही करून बघण्यासारखं आहे.

४) अफवेच्या वेळी डोकं शांत ठेवा. टंचाई येणार असं ऐकलं की प्रत्येक मिल दुप्पट ऑर्डर देते, दुकानदार त्यावर चौपट देतो, आणि नसलेली टंचाई खरोखर तयार होते. दोन महिन्यांनी तोच माल दुकानात पडून राहतो. यालाच पुस्तकात बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, म्हणजे चाबकाचा झटका. मूठ जरा हलली की टोक फाडकन वाजतं. सालेकसा त्या चाबकाच्या टोकाला आहे.

५) गावातल्या मिलनी मिळून सुटे भाग घ्यावेत. पाच मिलनी मिळून एक बेअरिंग, एक बेल्ट आणि दोन जोड्या रोल राखीव ठेवल्या तर एकट्यावर बोजा पडत नाही. सहकार हा काही महाराष्ट्राला नवा शब्द नाही.

मेसमध्ये ताटात पडणारा भात आपण न पाहता खातो, कधी कधी नावंही ठेवतो. त्या भातामागे बेलारूसच्या खाणीतलं पोटॅश असेल, आखातातल्या वायूचा युरिया असेल, बंगालचा ताग असेल आणि मिलमधल्या हमालाची पाठ तर नक्कीच असेल. पुढच्या सुट्टीत तुमच्या गावाजवळच्या मिलमध्ये, जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, जिथे जाल तिथे एक तरी वस्तू हातात घ्या आणि ती कुठून आली याचा माग शेवटपर्यंत काढा. डिग्रीत त्याचे मार्क मिळणार नाहीत. पण पुढची लढाई सुरू होईल तेव्हा त्या मिलची चाकं किती दिवस फिरत राहतील, हे सांगणारा एक माणूस तरी गावात असेल.